तारीख नसलेले टिपण

माझ्या टेबलाच्या खणात दोनदा घडी घातलेला एक कागद गेली अनेक वर्षे जपून ठेवलेला आहे. त्यावर संगणकासंबंधीची सहा ओळींची एक कृती छापलेली आहे. भाषा सुबोध आहे, पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत, आणि ज्याने कोणी ती लिहिली त्याचा हेतू निखळ परोपकाराचा होता ह्याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तथापि ह्याच कागदाच्या भरवशावर २०१४ सालच्या सप्टेंबर महिन्यातील एका शनिवारी मी नववीच्या सदतीस मुलांचे तीन महिन्यांचे लेखन पाच मिनिटांत पुसून टाकले.

घडले ते असे. त्या वर्षी ८ एप्रिल रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज एक्सपी ह्या आपल्या प्रणालीची देखभाल थांबविली. आमच्या बेळगावच्या शाळेतील नऊ संगणकांपैकी आठ त्याच प्रणालीवर चालत, आणि नवे घेण्यास पैसा नव्हता. नवव्या यंत्रावर माझ्या आधीच्या शिक्षकांनी लिनक्स घालून ठेवले होते. लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली. म्हणजे तिची मूळ संहिता कोणासही वाचता येते, बदलता येते, दुसऱ्यास देता येते, आणि परवान्यापोटी पैसे मोजावे लागत नाहीत. उरलेल्या आठ यंत्रांवरही तीच घालावी असे ठरले. त्यासाठी प्रथम पेन ड्राइव्हवर प्रणालीची प्रत उतरवून घ्यावयाची होती, आणि कपाटातल्या एका फाइलीत ती कृती सांगणारा हा कागद सापडला. पेन ड्राइव्ह लावला की यंत्र त्यास 'एसडीए' ह्या नावाने ओळखते; 'डीडी' ह्या आज्ञेने प्रत त्या नावावर उतरवावी, असे त्यात म्हटले होते. मी तंतोतंत तसे केले. पडद्यावर तक्रारीचे एक अक्षरही उमटले नाही. थोड्या वेळाने यंत्र थिजले, आणि बंद करून पुन्हा चालू केले तेव्हा त्यास स्वतःचीच ओळख उरली नव्हती. त्या यंत्रात एसडीए हे पेन ड्राइव्हचे नव्हे, हार्ड डिस्कचे नाव होते.

त्या डिस्कवर मुलांनी आपापल्या आजी-आजोबांस विचारून लिहून काढलेल्या गावोगावच्या हकिकती होत्या. बाजार कोठे भरे, विहीर कोणी खणली, शाळा पहिल्यांदा कोणाच्या ओसरीवर बसली, अशा साध्याच गोष्टी. अकरा मुलांच्या वह्यांत कच्चे लिखाण शिल्लक होते. बाकीच्यांनी पुन्हा विचारून पुन्हा लिहिले. एका मुलीच्या आजी मात्र दिवाळीपूर्वीच वारल्या.

दुसरी चूक मी घाबरून केली, आणि ती पहिलीहून मोठी होती असे आता वाटते. पुसल्यासारखा दिसणारा मजकूर पुष्कळदा डिस्कवर तसाच पडून असतो. पुसली जाते ती त्याची अनुक्रमणिका. 'फोटोरेक' नावाचा एक मुक्तस्रोत प्रोग्रॅम असा मजकूर हुडकून काढतो. अट एवढीच, की मध्यंतरी त्या डिस्कवर नवे काही लिहिलेले नसावे. मी मात्र लाज झाकण्यासाठी त्याच संध्याकाळी त्याच डिस्कवर नवी प्रणाली घालून मोकळा झालो होतो. ज्या यंत्रावर अपघात झाला ते प्रथम बंद करावे आणि त्यास हात लावू नये, एवढी साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. किंवा सांगणाऱ्याचे टिपण माझ्यापर्यंत पोहोचले नव्हते.

आता प्रश्न असा, की कागदावर लिहिले होते ते खोटे होते काय? नव्हते. २००५ साली ते अक्षरशः खरे होते. त्या काळी बहुतेक संगणकांतील हार्ड डिस्क 'आयडीई' पद्धतीच्या तारेने जोडलेली असे, आणि लिनक्स तिला 'एचडीए' म्हणे. 'एसडी' ने सुरू होणारी नावे 'स्कझी' पद्धतीच्या उपकरणांसाठी राखून ठेवलेली होती. पेन ड्राइव्हला लिनक्स स्कझीच्याच कुळात मोजत असल्यामुळे घरगुती यंत्रात पहिला पेन ड्राइव्ह लावला की त्यास एसडीए हे नाव आपोआप मिळे. पुढे २००६ च्या अखेरीस लिनक्सच्या गाभ्यात डिस्क हाताळणारा नवा भाग आला, आणि वर्षभरात बहुतेक वितरणांनी तो स्वीकारला. तेव्हापासून जुन्या-नव्या सर्व तारांच्या डिस्का एकाच कुळात आल्या. हार्ड डिस्क एसडीए झाली आणि पेन ड्राइव्ह एसडीबी. गल्लीतील घरांचे क्रमांक बदलावेत आणि पोस्टमनाच्या हाती जुनीच यादी असावी, तसा हा प्रकार होता. कागदावर सर्व काही होते. फक्त तो कोणत्या साली लिहिला, प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीसाठी लिहिला आणि कोणी लिहिला, एवढे तेवढे नव्हते.

ह्या एका कागदामुळे मला टिपणांच्या इतिहासाचा नाद लागला. लिनक्सचा इतिहास सांगणारे बहुधा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा इतिहास सांगतात. परंतु वापरणाऱ्याच्या हाती ती प्रणाली आली ती, 'हे असे करावे' असे लिहून ठेवणाऱ्यांच्या मार्गाने आली. आणि नवलाची गोष्ट ही, की टिपणावर तारीख घालावी, नाव घालावे आणि आपले दोषही लिहावेत, हा धडा ह्या मंडळींनी अगदी आरंभीच गिरविला होता.

लिनक्स ज्या घराण्यातील, त्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे युनिक्स. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी १९६९ पासून ही प्रणाली रचण्यास सुरुवात केली. कागदोपत्री आपली नोंद करून ठेवण्याचा ह्या दोघांना कितपत उत्साह होता कोण जाणे. त्यांचे विभागप्रमुख डग्लस मॅकिलरॉय ह्यांनी मात्र पुस्तिका लिहिण्याचा आग्रह धरला, आणि तिची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ह्या तारखेची आहे. तिची पाने पाहण्यासारखी आहेत. प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र पान. पानाच्या माथ्यावर तारीख. मग आज्ञेचे नाव, ती लिहिण्याची रीत, तिचे वर्णन, तिच्याशी संबंधित फाइली, आणखी कोठे पाहावे ते. त्यानंतर 'दोष' असे एक सदर. आणि शेवटी 'मालक': म्हणजे अडचण आल्यास कोणास विचारावे त्याचे नाव.

दोषांचे हे सदर मला मोठे मनोहर वाटते. आपण केलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना तीत काय उणे आहे हे आपणच लिहून द्यावयाचे! दुकानात कोणती वस्तू अशी मिळते? पुढील आवृत्त्यांत मालकाचे सदर गळाले; पण दोषांचे सदर टिकले, आणि आजही लिनक्सच्या यंत्रात 'मॅन' असे लिहून पुढे कोणत्याही आज्ञेचे नाव दिले असता जे पान उघडते त्याची ठेवण बव्हंशी १९७१ च्या पानाचीच असते. पानाच्या तळाशी तारीखही बहुधा असते. माझ्या कागदाऐवजी यंत्रातीलच हे पान मी उघडले असते तर? तर डीडी ही आज्ञा 'कोठून' आणि 'कोठे' एवढेच विचारते आणि मधे खातरजमा म्हणून काहीही विचारीत नाही, हे निदान ध्यानात आले असते.

पुस्तिका असणे निराळे आणि यंत्राची संहिता उघडी असणे निराळे. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा मुद्रक आला. आधीच्या मुद्रकात कागद अडकला की वापरणाऱ्यांस तसा निरोप जाईल अशी सोय रिचर्ड स्टॉलमन ह्या प्रोग्रॅमरने केलेली होती. नव्या मुद्रकाची संहिता मात्र कंपनीने दिली नाही, आणि ज्या एका गृहस्थांकडे ती होती त्यांनी गुप्ततेचा करार दाखवून नकार दिला. पुढे २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन ह्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. तिच्या मागे ह्या अडकलेल्या कागदाची आठवण होती, असे तेच सांगत आले आहेत. ही कथा अनेकांस ठाऊक असते. कमी ठाऊक असते ते हे, की मोकळ्या प्रोग्रॅमला मोकळीच पुस्तिका हवी, असेही त्यांनी आग्रहाने मांडले. प्रोग्रॅम बदलला आणि पुस्तिका बदलण्यास मनाई असली, तर ती पुस्तिका खोटी ठरते. खणातला माझा कागद ह्याहून निराळे काय सांगतो?

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने आपण एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. पुढल्याच वर्षी ती ग्नूच्या परवान्याखाली आली, आणि ज्यांनी ती घरी नेऊन चालविण्याचा खटाटोप केला त्यांची संख्या पाहता पाहता वाढली. हा खटाटोप काय होता ह्याची आजच्या मुलांस कल्पना येणार नाही. फ्लॉप्यांची चळत घेऊन बसावयाचे, एकामागून एक आत सारावयाची, आणि बाराव्या फ्लॉपीत दोष निघाला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. ही कृती ज्यांना साधली त्यांनी ती लिहून ठेवण्यास सुरुवात केली. १९९२ साली लार्स विर्झेनियस, मॅट वेल्श आणि मायकेल जॉन्सन आदी मंडळींनी 'लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट' हा उपक्रम उभा केला. त्यातूनच 'हाऊ-टू' ह्या नावाची टिपणे निघाली. मुद्रक कसा जोडावा, मोडेम कसा लावावा, एकाच डिस्कवर दोन प्रणाली कशा नांदवाव्यात, अशा एकेका कामास एकेक टिपण. माथ्यावर लेखकाचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख. चूक आढळल्यास ह्या पत्त्यावर कळवावे, अशी विनंती. लेखकास पगार नव्हता. कित्येकांनी ही टिपणे जपानी, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषांत नेली.

ह्या हाऊ-टूंपैकी एका विषयाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. पडद्यावर चित्रे आणि खिडक्या दाखविणारा एक्सफ्री८६ हा भाग त्या काळी आपल्या पडद्याविषयी स्वतःहून काहीच जाणत नसे. वापरणाऱ्याने आपल्या मॉनिटरची कागदी पुस्तिका शोधावयाची, आडव्या रेघा सेकंदास किती वेळा काढल्या जातात आणि संपूर्ण चित्र किती वेळा उमटते हे आकडे तीतून काढावयाचे, आणि ते एका फाइलीत हाताने लिहावयाचे. आकडा चुकला तर? साधारणपणे चित्र लोळे किंवा पडदा काळा होई. परंतु काही जुन्या मॉनिटरांना त्यांच्या ताकदीपलीकडचा आकडा दिला तर आतील भाग तापून मॉनिटर खरोखरच निकामी होण्याची भीती होती. म्हणून त्या विषयावरील टिपणांत आरंभीच तशी ताकीद असे. मग गणित समजावून सांगितलेले असे. नुसता 'हा आकडा टाका' असा हुकूम नसे. एका शाई लागलेल्या बोटाने आकडे टिपीत बसलेले ते लोक आणि त्यांचा तो धोक्याचा खेळ! आता मॉनिटर स्वतःच आपले आकडे संगणकास कळवितो. २००८ च्या सुमारास ती फाइल लिहिण्याची गरजच बहुतांशी संपली, आणि ते गणितही विस्मृतीत गेले.

माझे एक मत आहे, ते चुकीचेही असेल. ज्या काळी चुकीने यंत्र जळण्याची भीती होती, त्या काळी टिपणे काळजीने लिहिली गेली. जसजसे यंत्र शहाणे होत गेले तसतशी टिपणे आखूड झाली. तारीख गेली, कारण गेले, लेखक गेला. उरली ती एक ओळ, 'ही आज्ञा द्या'. एकाने दुसऱ्याची ओळ उचलली, तिसऱ्याने दुसऱ्याची. माझ्या खणातला कागद ह्याच उतरणीवरचा आहे.

मधल्या काळात सामान्य वापरणाऱ्यासाठी प्रणालीचे रूप पुष्कळ पालटले. १९९६ साली जर्मनीत माथियास एट्रिच ह्यांनी केडीई आणि १९९७ साली मेक्सिकोतील मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना ह्यांनी ग्नोम हे दर्शनी दालन उभारावयास घेतले. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याची सक्ती गेली. पण नवख्याच्या दृष्टीने मला त्याहूनही मोठी वाटते ती क्लाउस क्नॉपर ह्या जर्मन अभियंत्याची २००० सालची कल्पना. क्नॉपिक्स ह्या त्यांच्या तबकडीवरून संपूर्ण प्रणाली चाले. हार्ड डिस्कला स्पर्शही होत नसे. तबकडी काढली की यंत्र जसेच्या तसे. भीती हा नवशिक्याचा मोठा शत्रू, आणि ह्या तबकडीने तो निम्मा तरी मारला. आज तबकडीच्या जागी पेन ड्राइव्ह आला आहे, परंतु युक्ती तीच आहे.

आपल्याकडे ही प्रणाली आली ती अशाच तबकड्यांवरून. १९९० च्या दशकात 'पीसीक्वेस्ट' ह्या मासिकाबरोबर लिनक्सची तबकडी मिळे, आणि शहरोशहरीच्या लिनक्सप्रेमींचे गट रविवारी एकत्र जमून एकमेकांच्या यंत्रांवर ती चढवून देत. २० ऑक्टोबर २००४ रोजी मार्क शटलवर्थ ह्यांच्या पुढाकाराने उबुंटू हे वितरण निघाले. मागणी नोंदविली की त्याची तबकडी जगात कोठेही टपालाने फुकट येई. ही सोय २०११ पर्यंत चालू होती. त्या तबकडीचा कागदी लखोटा आमच्या शाळेच्या कपाटात अजून आहे. उबुंटूची एक गोष्ट इतिहासशिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. तिच्या आवृत्तीचा क्रमांक हीच तिची जन्मतारीख असते. पहिली आवृत्ती ४.१०, म्हणजे २००४ चा दहावा महिना, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. टिपणावर नुसता आवृत्तीचा क्रमांक लिहिला तरी ते केव्हाचे हे कळते.

मराठीचे काय? केवळ पडद्यावर देवनागरी अक्षर नीट उमटावे यासाठीसुद्धा बरेच कष्ट पडले. पूर्वी प्रत्येक फॉन्टची अक्षरे निराळ्या सांकेतिक क्रमांकांवर बसविलेली असत. एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्यावर गिचमिड होई. युनिकोडने प्रत्येक अक्षरास सर्वांना समान असा एक क्रमांक दिला. २००४ साली रेड हॅट कंपनीने भारतीय लिप्यांचे 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. (लोहित म्हणजे तांबडा, नाव ठेवणारास कंपनीच्या तांबड्या टोपीचे स्मरण असावे.) इंडलिनक्स गटाने आणि पुण्यातील भाषांतरकारांनी दर्शनी दालनातील शब्द आपल्या भाषांत आणले. अक्षर आले, शब्द आले. पण रीत सांगणारे मराठी टिपण विरळाच राहिले. मुलांस यंत्र मराठीत 'नमस्कार' म्हणते आणि अडचणीत सापडले की इंग्रजीत बोलू लागते.

ह्या बाबतीत आयआयटी मुंबईचे काम मोलाचे आहे. तेथील प्राध्यापक कन्नन मौदगल्य ह्यांच्या मार्गदर्शनाखाली 'स्पोकन ट्युटोरिअल' नावाचा प्रकल्प केंद्र शासनाच्या साहाय्याने उभा राहिला. सुमारे दहा मिनिटांचा एकेक पाठ. पडद्यावर कृती दिसते आणि शेजारी आवाज ती समजावून सांगतो. लिनक्सच्या आज्ञा, लिबरऑफिसमधील पत्रलेखन, असे अनेक विषय त्यात आहेत, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे आवाज भरलेले आहेत. ज्यांनी माझे हे भाषण ऐकले त्यांच्या ध्यानात येईल, की ही आमचीच आकाशवाणीची रीत आहे: आधी संहिता लिहावयाची, मग ती बोलावयाची. पाठ पाहणाऱ्याने अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्या पडद्यावर स्वतःचे काम ठेवावे, एक पायरी ऐकावी आणि थांबवून ती करावी, अशी त्यांची शिकवण आहे. मला त्यातील सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच. संहिता पक्की होण्यापूर्वी ती ह्या विषयातील अगदी नवख्या माणसाकडून करवून पाहतात. जाणत्याने लिहिलेली कृती जाणत्यानेच तपासली तर गाळलेली पायरी दोघांसही दिसत नाही. नवखा त्याच पायरीवर अडतो. वर्गात रोज फळ्यापुढे उभे राहणारास हे निराळे सांगावयास नको.

२०१४ च्या त्या शनिवारानंतर मी संगणकाच्या खोलीत दोनशे पानांची एक वही दोऱ्याने टेबलाला बांधून ठेवली. आता ती तिसरी वही चालू आहे. नियम एकच: जो अडचण सोडवील त्याने ती मराठीत लिहावी, माथ्यावर तारीख, यंत्राचा क्रमांक आणि प्रणालीची आवृत्ती घालावी, खाली आपले नाव, आणि त्याखाली 'दोष' म्हणून कोरी जागा सोडावी. ती जागा दुसऱ्यांसाठी.

पहिल्या पानावर अर्थातच माझे प्रायश्चित्त आहे. पेन ड्राइव्हवर प्रणाली उतरविण्यापूर्वी 'एलएसबीएलके' ही आज्ञा द्यावी. ती जोडलेल्या सर्व डिस्कांची नावे आणि आकार सांगते. पेन ड्राइव्ह न लावता एकदा द्यावी, लावून पुन्हा द्यावी, आणि जे नाव नव्याने आले तेच वापरावे. नाव कधी पाठ करू नये. दुसऱ्या पानावर उतरवून घेतलेल्या प्रतीची पडताळणी आहे. वितरणाच्या स्थळावर प्रतीबरोबर चौसष्ट अक्षरांची एक खूण दिलेली असते. आपल्या प्रतीवरून तीच खूण यंत्राकडून काढवून घ्यावयाची आणि दोन्ही जुळवून पाहावयाच्या. आमच्याकडे एक मुलगा मोठ्याने वाचतो आणि दुसरा बोट ठेवून जुळवितो. यंत्रास हे काम एका क्षणात सांगता येते हे मला ठाऊक आहे. पण ह्या वाचनाने मुलांस एका अक्षराची किंमत कळते, म्हणून मी ते चालू ठेवले आहे.

तिसऱ्या पानावर असे आहे, की प्रणाली डिस्कवर घालण्यापूर्वी ती पेन ड्राइव्हवरूनच चालवून चार गोष्टी पाहाव्यात: इंटरनेट जोडले जाते काय, आवाज येतो काय, मुद्रक छापतो काय, आणि मराठी टंकता येते काय. चारांतील एक जरी अडली तरी आधी तिचा उपाय शोधावा आणि मगच पुढे जावे. पुढे कोणीतरी लिहिले आहे, की नवा प्रोग्रॅम हवा असल्यास तो वितरणाच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावा, भटक्या स्थळावरून उतरवू नये. डेबियन वितरणाने १९९९ साली 'एपीटी' हे साधन आणल्यापासून एक प्रोग्रॅम मागितला की त्यास लागणारे बाकीचे भाग यंत्र स्वतःच गोळा करते. तरीही माणसे बाहेरून का आणतात, हे मला उमगलेले नाही.

मराठी टंकण्याचे पान सर्वांत मळलेले आहे. दालनाच्या सेटिंगमध्ये कळफलकाच्या सदरात मराठी भाषा जोडावी हे सर्वांस जमते. अडते ते 'तऱ्हा', 'सुऱ्या', 'दुसऱ्या' अशा शब्दांतील त्या आडव्या र-पाशी. मुले 'तर्हा' लिहीत आणि यंत्राला दोष देत. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 'जे' ची कळ दाबली की ऱ मिळतो, मग 'डी' ने हलंत, आणि त्यापुढे 'यू' ने ह. आठवीतील एका मुलीने हे शोधून लिहिले. तिची तारीख, तिचे नाव, सर्व जागच्या जागी आहे. मराठीचा शिक्षक असूनही हे मला तोवर येत नव्हते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभालही थांबली, आणि पुढच्या विंडोज ११ ला चालतील इतकी नवी यंत्रे पुष्कळांकडे नसल्यामुळे जुनी यंत्रे शाळेस देऊ करणारे काही पालक भेटू लागले. त्याच सुमारास एका माजी विद्यार्थ्याने आपल्या कार्यालयातील दोन यंत्रे आणून दिली. ती आमच्या जुन्यांच्या मानाने बरीच नवी होती. नववीतील दोन मुलांनी वहीचे पहिले पान उघडून काम सुरू केले. एलएसबीएलके दिली, पेन ड्राइव्ह लावला, पुन्हा दिली, आणि त्यांतील एक धावत शिक्षकांच्या खोलीत आला.

"सर, हे यंत्र पेन ड्राइव्हलाच एसडीए म्हणते. तुमच्या पानावर तर एसडीए म्हणजे हार्ड डिस्क असे लिहिले आहे."

मी जाऊन पाहिले. मुलाचे म्हणणे खरे होते. ह्या यंत्रांतील डिस्क 'एनव्हीएमई' पद्धतीची, सरळ मुख्य फळीवर बसविलेली होती. लिनक्स तिला एनव्हीएमई-शून्य ह्या अगदी निराळ्या कुळातील नावाने ओळखत होते. एसडीचे कूळ रिकामे झाले होते, आणि पहिला आलेला पेन ड्राइव्ह पुन्हा त्या जुन्या आसनावर जाऊन बसला होता. म्हणजे 'हार्ड डिस्क एसडीए असते' हे माझे कंसातले स्पष्टीकरण आता चुकीचे ठरले होते, आणि खणातला तो कागद ह्या दोन यंत्रांपुरता पुन्हा खरा झाला होता.

मुलाने माझ्या पानाखालच्या दोषांच्या जागेत लिहिले: 'सरांचे वाक्य जुन्या डिस्कांपुरते बरोबर. नव्या यंत्रांवर नाही. नाव पाहूनच घ्यावे.' खाली तारीख आणि सही केली. मी खण उघडून तो कागद काढला, आणि माथ्यावरच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने लिहिले: '२००७ पूर्वीचे टिपण. लेखक अज्ञात.' मग तो वहीच्या पहिल्या पानाशेजारी चिकटविला.